सेवेच्या ठिकाणचं पहिलं वर्ष: नव्या मिशनरीसाठी रोजच्या दिवसाची घडी

पाचारण, म्हणजे देव आपल्याला सेवेला बोलावतो आहे ही जाणीव, बहुतेकांना शिबिरात किंवा उपवास-प्रार्थनेच्या रात्री होते. डोळे भरून येतात, वडील मंडळी डोक्यावर हात ठेवतात. मग शिक्षण, मुलाखत, आणि एक दिवस नेमणुकीचं पत्र हातात पडतं: अमुक तालुका, अमुक गाव, पंधरा-वीस ख्रिस्ती घरांची मंडळी (चर्च), शेजारी मुलांचं वसतिगृह नाहीतर छोटा दवाखाना. तिथे पोचल्यावर तिसऱ्या आठवड्यात लक्षात येतं, की आपली साक्ष ऐकायला कुणी अडून बसलेलं नाही. वसतिगृहाची पाण्याची मोटर जळाली आहे आणि ती कोण रिवाइंडिंगला नेणार, याची मात्र सगळे वाट बघताहेत.

हा लेख त्या तिसऱ्या आठवड्यासाठी आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यात किंवा तालुक्याच्या गावी पहिल्यांदाच पूर्णवेळ सेवेला निघालेले पाळक, सुवार्तिक, नर्स, वसतिगृहाचे अधीक्षक यांच्यासाठी. माझं मत आधीच सांगून टाकतो. ‘देवाने मला इथे कशाला आणलं’ याचं उत्तर खोलीत बसून विचार केल्याने मिळत नाही. सकाळचा एक नेम आणि मोजकी ओळखीची घरं, एवढं वर्षभर सोडलं नाही तर ते बऱ्याच जणांना उमगतं. पुढचं सगळं या दोन गोष्टी कशा टिकवायच्या याबद्दल आहे.

पहिला महिना: उपदेश राहू द्या, ओळख करून घ्या

आल्या आल्या सभा भरवू नका. आधी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना भेटा, मग सरपंच, पोलीस पाटील, शाळेचे मुख्याध्यापक, आशाताई. नाव सांगा, संस्था सांगा, काम काय करणार ते सांगा. घर भाड्याचं असेल तर भाडेकरू म्हणून पोलीस ठाण्यात नोंद करून टाका. गावात नवा माणूस आला की चर्चा होतेच. ती तुमच्या पाठीमागे होण्यापेक्षा तुमच्यासमोर झालेली बरी.

‘तुम्हाला पगार कोण देतं?’ हा प्रश्न पहिल्या आठवड्यात येतो. हसण्यावारी नेऊ नका. संस्था कोणती, ती कुठे नोंदलेली आहे, पगार किती, हे सरळ सांगून मोकळं व्हा. लपवाछपवी केलीत की लोक आकडा स्वतःच ठरवतात, आणि तो नेहमी खऱ्यापेक्षा मोठा असतो.

याच महिन्यात आपल्या जागेचा इतिहास वाचा. मराठी मुलखात प्रोटेस्टंट मिशनचं काम १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले तेव्हापासून चालू आहे. हॉल मराठी शिकले, शाळा काढल्या, पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) भाषांतराला लागले, आणि १८२६ साली नाशिकच्या बाजूला दौऱ्यावर असताना पटकीने गेले. तेरा वर्षांच्या खटपटीनंतर मंडळीत आलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन बाईंनी आधी मुंबईत आणि १८३९ पासून अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची नगरची शाळा पाहिली होती, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढताना ती त्यांच्या डोळ्यांसमोर होती. फरारबाईंच्या अहवालात ‘यश’ या रकान्यात हे कधी लिहिता आलं असतं का, कोण जाणे.

इतिहासाची दुसरी बाजूही वाचा. काही मिशनरी साहेबी तोऱ्यात वागले, इथल्या देवाधर्माबद्दल वाटेल तसं लिहिलं, इंग्रजी राज्याच्या आडोशाला राहून बोलले. तुमच्याकडे संशयाने बघणाऱ्याला हे ठाऊक असतं. तुम्हालाही असलेलं बरं.

सकाळचा नेम बसवा

शिबिरातला भर दीड-दोन महिने पुरतो. त्यानंतर सकाळी गुडघे टेकले की मनात मोटर, किराणा आणि कालचं भांडण फिरायला लागतं. याला विश्वास कमी पडला असं म्हणायची घाई करू नका. बहुतेकांचं असंच होतं.

माझ्या पाहण्यात टिकलेला नेम असा आहे. उठल्यावर मोबाइल दुसऱ्या खोलीत. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं, क्रमाने, आवडीनिवडी न करता. महिन्याभरात शोकाची, रागाची, आभाराची सगळी वाटेला येतात. त्यानंतर शुभवर्तमानातला, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांतला, एक छोटा परिच्छेद. सुरुवात मार्कापासून करा, कारण तो आटोपशीर आहे आणि त्यात येशू सतत कुणाच्या तरी घरात, नावेत, वाटेवर सापडतो. मग नावं घेऊन प्रार्थना. ‘हे प्रभो, या गावाला आशीर्वाद दे’ अशी मोघम प्रार्थना तिसऱ्या दिवशी पोकळ वाटू लागते. ‘वरच्या आळीतल्या सुनेचा आज सोनोग्राफीचा दिवस आहे’ ही वाटत नाही. शेवटी एक गीत, गळा कसाही असो. तीस-चाळीस मिनिटं पुरतात. दोन तासांचा संकल्प करून आठवड्यात मोडण्यापेक्षा अर्ध्या तासाचा नेम वर्षभर पाळणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

कोरडे दिवस येतील तेव्हा अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढा. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी कुठलाही दिलासा जोडलेला नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. देवाशी असंही बोलता येतं हे ज्याला माहीत आहे, तो रविवारी व्यासपीठावर खोटा उत्साह आणत नाही.

नेम म्हणजे प्रार्थनेची खोली आणि कामाची खोली वेगळी, असंही नाही. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या मुली होत्या. तिथे प्रार्थना होई, आणि विणकाम, शेती, दूधदुभतं, छापखानाही चाले. रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून शास्त्राचं मराठी भाषांतर वर्षानुवर्षं करत होत्या, आणि त्याचे खिळे जुळवायला याच बायका-मुली होत्या. १९२२ साली मृत्यूच्या थोडंच आधी ते काम हातावेगळं झालं. मधल्या वर्षांतल्या कुठल्याही एका सकाळी ‘आजचं आध्यात्मिक काम कोणतं’ असं त्यांना विचारलं असतं, तर उत्तरात धान्याचा हिशोबही आला असता.

पाच घरं धरा

अख्खं गाव अंगावर घेऊ नका. पाच घरं निवडा. त्यात एक आजारी माणसाचं, एक एकट्या म्हाताऱ्याचं, एक तुमच्यावर नाराज असलेल्याचं आणि निदान एक मंडळीबाहेरचं असू द्या. आठवड्यातून एकदा प्रत्येकाकडे जायचं, एवढंच.

भेटीला जाण्याच्याही वेळा असतात. दुपारी चारनंतर, चुलीची गडबड सुरू व्हायच्या आत. पेरणी-काढणीच्या दिवसांत घरी कुणी नसतं. मग बांधावर जा आणि तिथे उभं राहून भाषण देण्यापेक्षा हाताला काम द्यायला सांगा. घरात बाई एकटी असेल तर ओट्यावरच बसा. चहा आला की घ्या. मधुमेह असेल तर बिनसाखरेचा मागा, पण नको म्हणू नका. शास्त्र पिशवीतच राहू द्या. निघताना विचारा, ‘प्रार्थना करू का?’ हो म्हणाले तर चार वाक्यांची प्रार्थना, त्या घरातल्या नावांसकट. नको म्हणाले तर ‘बरं, पुन्हा येतो’ म्हणून उठायचं, आणि खरंच पुन्हा जायचं.

या भेटींतून जे निघतं ते सहसा सुवार्तिकाच्या अभ्यासक्रमात नसतं. एका वस्तीवरची म्हातारी रेशन दुकानातून दोनदा रिकाम्या हाताने परत आली होती. जन्मभर खुरपं धरून बोटांच्या रेषा झिजल्या होत्या, यंत्र अंगठा ओळखत नव्हतं. तिच्याबरोबर गेलेला तरुण सेवक रांगेत उभा राहिला. अंगठा नाही, मग तर्जनी नाही, ओल्या फडक्याने पुसून पुन्हा अंगठा, मग डावा हात. मागची रांग कुरकुरत होती. डाव्या हाताचं मधलं बोट एकदाचं लागलं आणि यंत्रातून पावती आली. म्हातारी म्हणाली, ‘मास्तर, हे बोट लक्षात ठेव हां. पुढच्या महिन्याला मला आठवायचं नाय.’

त्याने ते वहीत लिहून ठेवलं: आजी, डावा हात, मधलं बोट. सेवेचा अर्थ काय, असं मला कुणी नवखा विचारतो तेव्हा मी त्याला ही नोंद सांगतो. त्या दिवशी तिला शास्त्रातलं एकही वचन कुणी ऐकवलं नाही. पुढच्या वेळी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो का, हे मात्र तो सेतू केंद्रात जाऊन विचारून आला.

अशी कामं भरपूर निघतात. निराधार योजनेच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला, जातीच्या दाखल्याला लागणारी वडिलांच्या शाळेची नोंद, सरकारी दवाखान्यातला केसपेपर. नंदुरबारकडे गेलात तर भिली-पावरी, मेळघाटात कोरकू शिकावी लागेल. प्रमाण मराठीत बोललात तर तिथे तुम्हीही सरकारी माणूसच ठरता.

चार कुंपणं, जी ओलांडायची नाहीत

पहिलं मदतीचं. मदत आणि धर्म यांची गाठ कधीही मारू नका. ‘मीटिंगला या, मग फॉर्म भरून देतो’ हे वाक्य गमतीतही तोंडातून जाता कामा नये. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क दिला आहे, तोही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना अधीन ठेवून. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. जबरदस्ती, फसवणूक, आमिष यांविरुद्ध निरनिराळ्या राज्यांत स्वतंत्र कायदे आहेत. आपल्या राज्यात आज काय लागू आहे ते संस्थेच्या वकिलाला विचारा, व्हॉट्सॲपवर वाचू नका. पण कायदा नसता तरी हे कुंपण हवंच होतं. भाकरीच्या बदल्यात मिळालेली ‘आमेन’ देवाला काय करायची आहे?

दुसरं औषधाचं. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण गोळी बंद करायला कधीही सांगू नका, दुसरा कुणी सांगत असेल तर गप्प बसू नका. क्षयरोगाचं औषध साधारण सहा महिने चालतं. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि नेमकं तेव्हाच ‘प्रभूने बरं केलं’ म्हणून गोळ्या सुटतात. अर्धवट सोडलेला क्षय औषधांना दाद न देणारा होऊन परत येऊ शकतो. भेटीला गेलात की गोळ्यांचं पाकीट बघायला मागा. मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ साली उभं करणारे डॉ. विल्यम वानलेस शस्त्रक्रियेच्या टेबलाशीही मिशनरीच होते. प्रार्थना आणि चाकू यांचं तिथे कधी भांडण झालं नाही.

तिसरं मुलांचं. वसतिगृहात किंवा संडेस्कूलमध्ये बंद दाराआड एकट्या मुलाबरोबर थांबू नका. समुपदेशनही उघड्या दारात, दुसऱ्याच्या नजरेसमोर. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. मुलांच्या मदतीचा १०९८ हा क्रमांक भिंतीवर मुलांना दिसेल असा लावा. ‘मंडळीची बदनामी होईल’ म्हणणारे मंडळीतले वडीलधारे भेटतील. त्यांचा मान राखा आणि तक्रार नोंदवा.

चौथं पैशांचं. मंडळीचे पैसे आणि तुमचे पैसे एका खिशात ठेवू नका. दानपेटी दोघांनी मोजायची, पावती त्याच दिवशी. परदेशातला कुणी ओळखीचा प्रेमाने ‘तुझ्या खात्यावर पाठवतो’ म्हणाला तर नको म्हणा; परदेशी देणगीचे नियम कडक आहेत आणि ती संस्थेच्या ठरलेल्या खात्यातच आली पाहिजे.

शेजाऱ्याचा सण

गावात सप्ताह बसतो, पालखी येते, जत्रा भरते. नवा सेवक दार लावून बसतो किंवा नको तिथे पत्रकं वाटायला जातो. दोन्ही करू नका. दिंडी तुमच्या कंपाउंडवरून जाते ना, मग पाण्याचे हंडे भरून ठेवा, संडास उघडा करून द्या. तहानलेल्या वारकऱ्याच्या हातात पेल्याबरोबर पत्रक देणं मला तरी असभ्य वाटतं. प्यायचं ते पाणी पिऊ द्या.

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांच्याही पावणेतीनशेहून जास्त वर्षं आधी फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात बसून मराठी ओवीत ख्रिस्ताची कथा लिहीत होते. नगरकडच्या मंडळ्यांत टाळ-मृदंगावर ख्रिस्ती कीर्तन रंगतं ते याच परंपरेतून. तुमच्या मंडळीत एखादे म्हातारे कीर्तनकार असतील तर त्यांच्याकडून दोन-चार चाली शिकून घ्या. कीबोर्ड आणि मोठे स्पीकर नंतरही येतील.

वही आणि अहवाल

संस्थेला दर महिन्याला अहवाल लागतो: किती सभा, किती भेटी, किती बाप्तिस्मे. आकडे खरे भरा. शून्य असेल तिथे शून्य. इंग्रज मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालात पोचले, आणि कृष्ण पाल हा पहिला बाप्तिस्मा झाला डिसेंबर १८०० मध्ये. सात वर्षांचे अहवाल त्यांनाही लिहावे लागले होते.

पण आकड्यांच्या कागदाशेजारी स्वतःची एक साधी दोनशे पानी वही ठेवा. रोज रात्री तीन ओळी: आज कुणाला भेटलो, त्यांनी काय सांगितलं, मी काय करतो म्हणालो. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण दिलेला शब्द विसरणं हेच आपल्याकडून सर्वांत जास्त घडतं. सहा महिन्यांनी मागची पानं चाळा. ‘माझ्या हातून इथे काही होत नाही’ असं वाटत असेल त्या दिवशी ही वही अहवालापेक्षा खरं बोलते. वहीत लोकांची दुखणी-खुपणी असतात, म्हणून ती कुलपात ठेवा. आणि देणगीदारांसाठी मुलांचे रडवेले फोटो काढू नका, कुणीही मागितले तरी.

सोमवार तुमचा

रविवार तुमच्यासाठी विसाव्याचा दिवस नाही, ते कामच आहे. दुसरा एक दिवस, समजा सोमवार, ठरवा आणि मंडळीला सांगून ठेवा. मार्काच्या सहाव्या अध्यायात शिष्य थकून परततात, त्यांना जेवायलाही सवड नसते, तेव्हा येशू त्यांना एकांती येऊन थोडा विसावा घ्यायला सांगतो. बायबलमधला संदेष्टा एलीया रानात झुडपाखाली ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. झोप, जेवण आणि विसावा यांनीही उठवत नसेल, आठवडेच्या आठवडे मन काळवंडलेलं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्याने पाचारणाला कमीपणा येत नाही.

दुसऱ्या ठिकाणचा एक ज्येष्ठ सेवक शोधा, तुमचा वरिष्ठ नसलेला. महिन्यातून एकदा त्याच्याकडे जा आणि गावात बोलता न येणारं सगळं तिथे बोला.

लग्न झालेलं असेल तर आणखी एक. पाळकबाई म्हणजे फुकटात मिळालेली दुसरी सेविका, असा मंडळ्यांचा जुना समज आहे: तिने महिला सभा घ्यावी, पाहुण्यांचा स्वयंपाक करावा, गाणंही म्हणावं. तिला काय करायचं आहे ते आधी तिला विचारा, मग मंडळीला सांगा. तिची नोकरी असेल तर तिच्या सुट्टीवर मंडळीचा हक्क नाही.

वर्ष भरताना

अकराव्या महिन्यात त्या ज्येष्ठाबरोबर बसून तीन प्रश्न घ्या. पाच घरांपैकी किती घरं आता आपणहून मला बोलावतात? सकाळचा नेम कुठे मोडला आणि का? मी इथून गेलो तर कुठलं काम थांबेल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘सगळंच’ असं असेल तर काळजी करा. तुम्ही कुणाला तयार केलेलं नाही.

जागा बदलावी असं ठरलं तर ते अपयश समजू नका. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा स्वतंत्र बंधुसंघ काढला. नोकरी गेली, सेवा त्यांच्या मृत्यूपर्यंत चालू राहिली. मात्र जाताना कारभार नीट सोपवा. दानपेटीचा हिशोब दोघांच्या सह्यांनी, किल्ल्यांची यादी, औषध चालू असलेल्यांची नावं आणि पुढच्या तपासणीच्या तारखा. नव्या सेवकाला त्या पाच घरी स्वतः घेऊन जा, ओळख करून द्या. वहीतलं सगळं त्याला दाखवायचं नाही. लोकांनी विश्वासाने सांगितलेलं तुमच्यापाशीच राहू द्या. पण कोणाला कुठली मदत दर महिन्याला लागते, हे वेगळ्या कागदावर उतरवून द्या. म्हातारीचं कुठलं बोट यंत्रावर लागतं, हेसुद्धा.